गळाची पेटी

मासे पकडणाऱ्या माणसांचे दोन वर्ग आहेत. एकास मासा हवा असतो. दुसऱ्यास मासे पकडणें हवें असतें. पहिल्या वर्गांत आपले कोळी, भोई आणि खाडीकांठचे गाबित बांधव येतात. जाळें हें त्यांच्या पोटाचें साधन. तें फाटलें कीं शिवावयाचें, भिजलें कीं वाळवावयाचें, आणि भरती-ओहोटीची वेळ झाली कीं खांद्यावर टाकून निघावयाचें. तेथें हौसेला जागा नाहीं. माझें आजचें बोलणें दुसऱ्या वर्गाविषयीं आहे. आठवड्यांतून एक दिवस हातांत काठी घेऊन पाण्याच्या कांठीं बसणारा, आणि उरलेले सहा दिवस त्या एका दिवसाची तयारी करणारा जो शौकीन माणूस, त्याच्या पेटीविषयीं मी बोलणार आहें.

अशी पेटी उघडलेली आपण पाहिली असेल, तर तिच्यांत प्रथम नजरेंत भरतात ते कप्पे. मोठ्या गळांचा कप्पा निराळा, मध्यम गळांचा निराळा, आणि डोळ्याजवळ धरल्यावांचून जे दिसत नाहींत अशांचा निराळा. शिशाच्या गोळ्या वजनाच्या उतरत्या क्रमानें लावलेल्या. पाण्यावर तरंगत ठेवावयाचीं बुचें तांबड्या शेंड्यांचीं एकीकडे, तर पिवळ्या शेंड्यांचीं दुसरीकडे. दोऱ्याचीं रिळें, चिमटा, कात्री, गळास धार लावण्याची बारीक कानस, आणि ओलावा शोषून घ्यावा म्हणून कोपऱ्यांत ठेवलेली तांदळाची पुरचुंडी. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षर. घरांतील मिसळणाचा डबाहि इतका नेटका नसतो, आणि तो तसा नाहीं हें बोलून दाखविण्याचें धैर्य मात्र या शौकिनांपैकीं कोणींच करीत नाहीं.

आयुष्याचीं छत्तीस वर्षें मुलांच्या कंपासपेट्या पाहण्यांत गेल्यामुळें ही जात मला चटकन् ओळखूं येते. प्रत्येक वर्गांत असा एक मुलगा असतोच. परीक्षेच्या आदल्या रात्रीं तो सर्व पेन्सिली तासून त्या लांबीप्रमाणें लावून ठेवतो. त्याचें पाठांतर किती झालें आहे, हें विचारूं नये. पण हा मुलगा वेळ फुकट घालवितो असा जो आम्हां मास्तरांचा सरसकट समज असतो, तो सर्वस्वीं खरा नाहीं. तासलेल्या पेन्सिलीनें काढलेली रेघ बारीक येते, एवढें तरी त्याला ठाऊक झालेलें असतें. गळवाल्यांच्या टापटिपीचेंहि तसेंच आहे. तिच्यांत गरज किती आणि छंद किती, हें निवडून पाहिलें पाहिजे.

ही टापटीप आजकालची नव्हे. १४९६ सालीं इंग्लंडांत वेस्टमिन्स्टर येथें विन्किन द वोर्ड या मुद्रकानें गळानें मासे धरण्याच्या विद्येवर एक लहानसा प्रबंध छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका मठवासिनीनें तो लिहिला, अशी परंपरा आहे. विद्वान ती मानावयास तयार नाहींत. लिहिणारें कोणी कां असेना, माणूस मोठें काटेकोर होतें यांत शंका नाहीं. त्या काळीं गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळीत असत. कोणत्या माशास किती केसांची दोरी, याचें त्या प्रबंधांत कोष्टकच दिलेलें आहे. अगदीं चिमुकल्या मिनो माशास एक केस, पर्च माशास चार, ट्राउट माशास नऊ, मोठ्या ट्राउटास बारा आणि सॅमनास पंधरा. पाण्याचा रंग जसा असेल तसा दोरीचा रंग असावा, म्हणून केस हिरवे, पिवळे, तपकिरी कसे रंगवावे याच्या कृतीहि सांगितल्या आहेत. शिवाय पिसें आणि लोंकर यांच्या बारा कृत्रिम माशा दिल्या आहेत. पांचशें वर्षांहून अधिक काळ लोटला, परंतु आजची पेटी उघडली तरी तिच्यांत हेंच कोष्टक निराळ्या वेषांत बसलेलें आढळतें.

गळांच्या आंकड्यांचें उदाहरण घ्या. वूस्टरशायर परगण्यांतील रेडिच हें एकेकाळीं सुया करणाऱ्यांचें गांव. सुई वांकविली कीं गळ होतो, तेव्हां तेच कारागीर गळ करूं लागले आणि त्यांची मोजण्याची रीत जगभर पसरली. ही रीत मीं पांचवीच्या वर्गांत शिकविली असती, तर मुलांनीं वर्ग डोक्यावर घेतला असता. आंकडा जों जों मोठा, तों तों गळ लहान. वीस नंबरचा गळ मुंगीएवढा, दहाचा त्याहून मोठा, दोनचा आणखी मोठा. एकापाशीं आलें कीं गाडी उलट फिरते. तेथून पुढें आंकड्यापुढें शून्य लावावयाचें, आणि मग आंकडा वाढला कीं गळहि वाढतो. बरें, एका कारखान्याचा आठ नंबर दुसऱ्या कारखान्याच्या आठाशीं जुळेलच अशी खात्री नाहीं. म्हणून जाणता शौकीन कारखान्याचें नांव पुसूं देत नाहीं. गळ संपले तरी पाकिटाची चिठ्ठी जपून ठेवतो. बाहेरच्या माणसास हें वेड वाटतें. मला तें व्यवहारज्ञान वाटतें.

आतां या विद्येंतील सर्वांत नाजूक भागाकडे वळूं. तो म्हणजे काठी आणि दोरी यांचा मेळ. आपण गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून शिशाच्या वजनानें तो पाण्यांत फेंकतों, तेव्हां वजन गळाशीं असतें आणि दोरी त्याच्यामागें ओढली जाते. माशी दाखवून मासा काढण्याच्या विद्येंत हें उलटें होतें. पिसांची ती माशी इतकी हलकी, कीं ती फेंकतांच येत नाहीं. फेंकावयाची असते ती दोरी. दोरीच्या वजनानें काठी मागें वांकते, मग सरळ होतांना दोरीला पुढें ढकलते, आणि माशी तिच्या शेवटास लागलेली असल्यामुळें निमूटपणें जाते. यावरून ध्यानांत येईल, कीं दोरी काठीच्या मानानें हलकी असेल तर काठी वांकणारच नाहीं. जड असेल तर वांकून राहील, सरळ होण्याचें बळ तिला उरणार नाहीं. दोन्ही प्रकारीं दोरी पाण्यावर वेटोळें होऊन पडते आणि मासा पळतो. तंबोरा लावतांना जवारीवर तारेखालीं सूत सरकवितात तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. सूत केसभर इकडे झालें कीं स्वर बंद होतो, आणि केसभर तिकडे झालें कीं तार नुसती करकरते.

हा मेळ जमविण्यासाठीं पूर्वीं दोरीची जाडी मोजीत. दोरी रेशमाची असे. जाडीला इंग्रजी अक्षरें दिलेलीं असत. ‘ए’ म्हणजे इंचाचे साठ सहस्रांश, ‘बी’ म्हणजे पंचावन्न, असें पांच-पांचानें उतरत ‘एच’ म्हणजे पंचवीस. दोन्ही टोकांस बारीक आणि मध्यें जाड अशी दोरी असली, कीं तिला ‘एच-सी-एच’ म्हणावयाचें. सर्व दोऱ्या रेशमाच्या होत्या तोंवर हा हिशेब ठीक चालला, कारण जाडी सारखी म्हणजे वजनहि जवळजवळ सारखेंच. परंतु १९३८ सालीं अमेरिकेंतील ड्युपॉन्ट कंपनीनें नायलॉन जाहीर केलें आणि पुढें दोऱ्या त्याच्या होऊं लागल्या. नायलॉन रेशमाहून हलकें. जाडी तीच, पण वजन निराळें. अक्षर तेंच, पण काठी वांकेना! कित्येक वर्षें हा घोळ चालला. शेवटीं १९६१ सालीं अमेरिकेंतील साहित्यनिर्मात्यांच्या संघानें जाडी सोडून वजन धरलें. दोरीचे पहिले तीस फूट तोलावयाचे आणि त्या वजनास आंकडा द्यावयाचा. तीस फुटांचें वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारें नऊ ग्रॅम, भरलें तर ती पांच नंबरची दोरी. १६० ग्रेन भरलें तर सहा नंबरची. २१० भरलें तर आठ नंबरची. काठीवरहि तोच आंकडा लिहावयाचा. आज पांच नंबरच्या काठीस पांच नंबरची दोरी कोणीहि नवशिका दुकानांत मागूं शकतो. तरीहि खरा शौकीन घरीं नेऊन ती दोरी सोनाराच्या कांट्यावर तोलून पाहतो. त्याला मी नांवें ठेवणार नाहीं. छापील वजनावर विश्वास ठेवून बाजारहाट करणाऱ्यांनीं तर मुळींच ठेवूं नयेत.

पण गरज संपली तरी आचार संपत नाहीं, हेंहि येथेंच दिसतें. रेशमी दोरी पाण्यांत कुजत असे. म्हणून दररोज संध्याकाळीं ती फिरकीवरून सारी उतरवून हवेंत वाळवावी लागे, आणि सकाळीं तरंगण्यासाठीं तिला चरबी चोळावी लागे. दोरीच्या शेवटीं बांधावयाचा पारदर्शक धागा रेशमाच्या किड्याच्या पोटांतील ग्रंथी ताणून काढीत. स्पेनमधील मुर्सिया प्रांताची त्यासाठीं मोठी ख्याति होती. हा धागा कोरडा असतांना गांठ मारली कीं तुटे. तेव्हां तो ओल्या लोकरी कापडाच्या घड्यांत, चपट्या डबींत भिजत ठेवीत. म्हणजे एकाच पेटींत एक वस्तु जपून वाळवावयाची आणि दुसरी जपून भिजवावयाची! नायलॉन आल्यावर दोन्ही कामें मिटलीं. परंतु दोरी वाळविण्याचीं लांकडी चक्रें आणि त्या चपट्या डब्या अजून कित्येकांनीं ठेवल्या आहेत, आणि रविवारीं संध्याकाळीं नायलॉनची दोरीहि चक्रावर चढवून वाळविणारे लोक आहेत. सोंवळें-ओंवळें पाळणाऱ्या घरांत लहानपण काढलेल्या मला यांत नवल वाटत नाहीं.

मेळ जमविण्याचा हा छंद काठी-दोरीवर थांबला असता, तर बरें झालें असतें. तो माशीच्या रंगाकडे वळला, आणि तेथें विद्वानांचीं भांडणें सुरू झालीं. दक्षिण इंग्लंडांत हॅम्पशायर परगण्यांत टेस्ट आणि इचेन या खडूच्या डोंगरांतून निघालेल्या नितळ नद्या आहेत. तेथील ट्राउट माशांवर फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थानें आपलें आयुष्य वाहिलें. त्याचें पहिलें पुस्तक १८८६ सालचें. त्याचें म्हणणें असें, कीं ज्या वेळीं जो कीटक पाण्यावर बसतो त्याची हुबेहूब प्रतिकृति माशापुढें ठेवावी. नराची निराळी आणि मादीची निराळी. १९१० सालीं त्यानें या मालिकेची शेवटची यादी केली. तिच्यांत तेहतीस माशा होत्या, आणि रंगांच्या छटा चुकूं नयेत म्हणून रंगांचा तक्ता जोडलेला होता. हॅलफर्डच्या शिष्यांच्या पेट्या म्हणजे कीटकशास्त्राच्या संग्रहालयाचीं दालनेंच असत.

त्याच १९१० सालीं जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाचें पुस्तक निघालें. स्क्यूज हा वकील असल्यामुळें तर्कापेक्षां पुरावा मागे. पकडलेल्या ट्राउटच्या पोटांत काय सांपडतें, हें तो पाही. आणि त्यासाठीं मेजवानींत हाडांतील मगज काढण्याचा जो लांबट चमचा असतो, तो त्यानें आपल्या साहित्यांत सामील केला होता. त्याला आढळलें तें असें, कीं मासा पुष्कळ वेळां पाण्यावरचा कीटक खातच नसतो; पाण्याखालीं वर येत असलेलें त्याचें पिल्लू खातो. म्हणजे रंगाचा तक्ता बरोबर होता, पण तपासावयाची जागा निराळी होती! दोन्ही पक्षांचें वैर तीस वर्षें टिकलें. माझें मत विचाराल, तर मी स्क्यूजच्या बाजूचा आहें. त्याचा तो चमचा त्या काळच्या सर्व पेट्यांतील सर्वांत उपयोगाची वस्तु होती असें मला वाटतें.

सॅमन माशाच्या माश्यांची कथा मात्र हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. हा मासा समुद्रांतून अंडीं घालण्यासाठीं नदींत शिरला, कीं खाणें जवळजवळ सोडून देतो. ज्याला भूकच नाहीं त्याला कोणता पदार्थ दाखवावा? अर्थात् कोणताहि. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळांत याच कारणानें कल्पनेस ऊत आला. जॉर्ज केल्सन यानें १८९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा माशांच्या शेंकडों कृति आहेत, आणि त्यांत नंदनपक्ष्यापासून मध्य अमेरिकेंतील क्वेझलपर्यंत देशोदेशींचीं पिसें लागतात. आपल्या सह्याद्रींतील राखी रानकोंबडाहि या यादींतून सुटला नाहीं. त्याच्या मानेवरील पिसांच्या टोकांस लाखेच्या थेंबासारखे चकाकणारे पिवळसर ठिपके असतात; माशीच्या गालावर डोळा म्हणून तीं पिसें बसवीत. त्या हौसेपायीं या पक्ष्यांचीं कातडीं परदेशीं जात असत. आज त्यास आपल्याकडे कायद्याचें संरक्षण आहे, आणि इंग्लंडांतील शौकीन आपल्या गरजेपुरते हे पक्षी तेथेंच पाळून वाढवितात.

केल्सनच्या कृति तशाच्या तशा बांधणारे लोक अजूनहि आहेत. त्यांपैकीं पुष्कळांनीं सॅमन कधीं धरलेला नसतो. ते माशी बांधतात आणि कांचेच्या चौकटींत लावतात. साधें रंगविलेलें पीस त्यांस चालत नाहीं. ग्रंथांत लिहिलें आहे त्याच पक्ष्याचें हवें. या हट्टाचा शेवट काय होऊं शकतो, तें जून २००९ मध्यें दिसून आलें. लंडनमध्यें बासरीचें शिक्षण घेणाऱ्या वीस वर्षांच्या एका अमेरिकन तरुणानें ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयाची खिडकी रात्रीं फोडली आणि पक्ष्यांचीं २९९ कातडीं पेटाऱ्यांत भरून नेलीं. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें दीडशें वर्षांपूर्वीं मलाया द्वीपसमूहांत हिंडून जमविलेले पक्षीहि होते. हा तरुण माशा बांधण्यांत अत्यंत निपुण होता. पिसें विकलीं गेलीं. कांहीं पक्षी सबंध विकले गेले. पुढें तो पकडला गेला, आणि २०११ सालीं त्याला झालेली बारा महिन्यांची शिक्षा न्यायालयानें स्थगित ठेवली.

चोरी झाली, यापेक्षां मला दुसऱ्याच एका गोष्टीचें वाईट वाटतें. संग्रहालयांतील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. हा पक्षी कोणीं, कोठें आणि कोणत्या दिवशीं धरला, हें तीवर लिहिलेलें असतें. ती चिठ्ठी आहे तोंवर त्या पिसांवरून त्या काळचें रान, त्या काळची हवा, त्या काळचें अन्न यांचा शोध घेतां येतो. ती गेली कीं तें एक रंगीत कातडें उरतें. परत मिळालेल्या कातड्यांपैकीं पुष्कळांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. आपल्या पिसांच्या पाकिटांवर छटेछटेची नोंद ठेवणाऱ्या या लोकांना नेमकी तीच चिठ्ठी अडचणीची वाटली!

आपल्याकडील नद्यांत हें पिसांचें प्रकरण फारसें आलें नाहीं. येथला बलाढ्य मासा म्हणजे महाशीर. पुण्यास मुळा-मुठेंत सांपडणाऱ्या जातीस कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं ‘खुद्री’ असें नांव दिलें, तें आपल्याच लोकांच्या तोंडचें. मद्रास इलाख्यांतील अधिकारी एच. एस. थॉमस याचें हिंदुस्थानांतील गळविद्येवरील पुस्तक १८७३ सालीं निघालें, त्यांत महाशीराचें वर्णन विस्तारानें आहे. या माशाच्या तोंडाची पकड अशी, कीं हलका गळ त्यांत चिरडून सपाट होतो. तेव्हां येथें छटेचा प्रश्न नाहीं, पोलादाचा आहे. लोणावळ्यास वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० च्या दशकापासून महाशीराचीं पिल्लें वाढविण्याचें काम चालविलें आहे, ही आनंदाची गोष्ट होय.

कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं माझे एक स्नेही आहेत. टपालखात्यांत पत्रांची छाननी करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें, त्यामुळें त्यांच्या पेटीचे कप्पे कसे असतील याची आपण कल्पना करावी. गळांच्या पाकिटांवर नंबर, कारखाना आणि खरेदीची तारीख. पेटीस दुसऱ्या कोणीं हात लावलेला त्यांस खपत नाहीं. वहिनींनीं एकदां त्यांतील कात्री कोथिंबीर कापावयास घेतली, तेव्हां ती कात्री त्यांनीं वहिनींनाच देऊन टाकली आणि स्वतः नवी आणली. परंतु त्यांच्यापाशीं एक वहीहि आहे. सत्तावीस वर्षांची. तारीख, पाण्याचा रंग, वारा, गळाचा नंबर, आमिष, मासा, वजन, असे तिचे रकाने आहेत. ज्या दिवशीं कांहीं मिळालें नाहीं त्या दिवशीं ‘निरंक’ अशी नोंद आहे, आणि अशा नोंदी थोड्या नाहींत. सरकारी नोकरींत ज्यांची हयात गेली, त्यांसच ‘निरंक’ लिहिण्यांतील प्रामाणिकपणा साधतो.

या वहीचीं पहिलीं पानें चाळलीं तर वाम, शिंगटा, मरळ हीं नांवें वारंवार येतात. क्वचित् खडसहि येतो. मधल्या पानांत वाम विरळ होतो. शेवटच्या पानांवर ओळींमागून ओळी एकाच नांवाच्या आहेत : चिलापी. मूळचा आफ्रिकेंतला, १९५२ सालीं भारतांत आणलेला हा मासा आमच्या डोहांत किती आणि कसा पसरला, हें गांवांतील सर्वांस तोंडीं ठाऊक आहे. पण केव्हां, हें त्या एका वहींत आहे. गळाचा नंबर लिहिण्याच्या त्या छंदापायीं शेजारच्या रकान्यांत नदीचीहि नोंद होत गेली.

गेल्या पावसाळ्यानंतर महाविद्यालयांत मत्स्यशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी ती वही मागावयास आला. स्नेह्यांनीं त्याला ओट्यावर बसविलें, हात धुवून यावयास सांगितलें आणि विचारलें, “अरे, नक्कल करून घेशील ती कोऱ्या कागदावर कीं आंखलेल्या?”

तो म्हणाला, “काका, मी फोटोच काढतों.”

यावर स्नेही पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं आंतून फूटपट्टी आणि शिसपेन्सिल आणली, आणि रकाने आंखून दिले. चार रविवार तो मुलगा ओट्यावर बसून लिहीत होता, आणि प्रत्येक पान झालें कीं स्नेही तें मूळ पानाशीं ताडून पाहून खालीं आद्याक्षरी करीत होते. वही त्यांनीं अखेरपर्यंत त्याच्या हातीं दिली. पेटी मात्र त्याला दुरूनच दाखविली.